इंटरनेट, लँडलाईन आणि दोन मोबाईल एकाच बिलात: घ्यावं का? (नाशिक)

गोदाकाठ | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरात राहतो. घरात सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, अकरावीतला मुलगा, सातवीतली मुलगी. नवऱ्याचं आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. मुलाचे संध्याकाळी ऑनलाईन क्लास.

सध्याचा खर्च असा. गल्लीतल्या केबलवाल्याकडचं फायबर, ५० एमबीपीएस, महिना ५९०. आम्हा दोघांचे प्रीपेड मोबाईल, ८४ दिवसांचं ८५९ चं रिचार्ज, म्हणजे महिन्याला माणशी साधारण ३०७. शिवाय सासऱ्यांची तांब्याच्या तारेवरची जुनी लँडलाईन, बिल २३६. सगळं मिळून १४४०.

काल सोसायटीत एका मोठ्या कंपनीचा माणूस आला होता. १०० एमबीपीएस फायबर, लँडलाईन फुकट, दोन पोस्टपेड सिम (आमचेच नंबर पोर्ट करून), वर दोन-तीन ओटीटी. सगळ्याचे १३९९, आणि बिल एकच. सोमवारपर्यंत सांगा म्हणाला, मंगळवारी ऑफर संपते.

कागदावर ४१ रुपये वाचतात आणि वेग दुप्पट होतो. तरी मन होत नाहीये. आत्ताचं नेट मुलाच्या खोलीत फार अडकतं, तेवढा एकच त्रास आहे. कोणी असं एकत्रित पॅकेज घेतलंय का? अनुभव सांगा.

मेनरोड | शनिवार, रात्री ९:२०

आमच्याकडेही हाच माणूस येऊन गेला, आणि आम्हालाही त्याने सोमवारच सांगितला होता. दोन महिने झाले त्याला. वाचतोय.

तपोवन | शनिवार, रात्री ९:४१

ताई, १३९९ वर जीएसटी धरलाय का? फायबर आणि पोस्टपेडचे जाहिरातीतले आकडे बहुतेक वेळा कराशिवायचे असतात. दूरसंचार सेवेवर १८ टक्के. १३९९ चे झाले १६५१. तुमच्या आत्ताच्या खर्चाच्या हिशेबात मात्र सगळे आकडे करासकट आहेत, कारण प्रीपेड रिचार्जच्या किमतीत कर आधीच असतो. म्हणजे ४१ वाचत नाहीत, २११ जास्त जातात. वर्षाचे २५३२.

फसवाफसवीची गोष्ट नाही ही. पत्रकावर खाली बारीक अक्षरात 'अधिक कर' असं छापलेलं असेल, भिंग घेऊन बघा. :)

गोदाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

खरंच की! आत्ता पत्रक काढून बघितलं, आहे तसं लिहिलेलं. एवढा साधा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता. धन्यवाद तपोवन.

मग आता प्रश्न असा, की २११ रुपयांत दुप्पट वेग आणि ओटीटी मिळतंय, ते त्या किमतीचं आहे का?

द्राक्षवेल | शनिवार, रात्री १०:०५

आमच्याकडे आहे, तीन वर्षं झाली, गंगापूर रोडला. मी समाधानी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

आई ७४ वर्षांची, वडील गेल्यापासून एकटी. मी पुण्यात. तिच्या प्रीपेडची मुदत कधी संपायची तिला कळायचं नाही. दोनदा असं झालं की दिवसभर तिचा फोन लागला नाही, आणि मी शेजारच्या काकूंना घरी पाठवलं. दोन्ही वेळा फक्त रिचार्ज संपलं होतं, पण त्या चार तासांत माझी काय अवस्था झाली ते मलाच ठाऊक. आता तिचं सिम, घरचं नेट, टीव्ही सगळं एका बिलात, आणि ते माझ्या खात्यातून आपोआप कापलं जातं. महिन्याला दीडशे-दोनशे जास्त जात असतील, जाऊ देत. मी त्यात निश्चिंती विकत घेतेय.

पण तुमच्या घरी सहा माणसं आहेत आणि दोघं कमावते, रिचार्ज विसरण्याचा प्रश्न नाही. तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो.

चिवडाशेव | शनिवार, रात्री १०:३०

'वेग दुप्पट' या शब्दाजवळ जरा थांबू या.

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे फाईल उतरवताना जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाईट. आता तुमच्या घरी संध्याकाळी सात वाजता काय चालू असतं? नवऱ्याची व्हिडिओ मीटिंग: ४ एमबीपीएस पकडा. मुलाचा क्लास: आणखी ४. मुलगी एचडी व्हिडिओ बघतेय: ५. टीव्हीवर फोर-के: १५. एकूण २८. म्हणजे ५० मध्येही वाव आहे. क्लास अडकतोय तो वेग कमी पडतो म्हणून नाही, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. राउटर कुठे ठेवलाय?

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:३८

हॉलमध्ये टीव्हीच्या लाकडी युनिटच्या आत. दार लावलेलं असतं, नाहीतर मांजर त्यावर झोपते. मुलाची खोली मागच्या टोकाला, मध्ये स्वयंपाकघर आणि दोन भिंती.

चिवडाशेव | शनिवार, रात्री १०:४४

सापडला चोर! मांजराला दुसरी उबदार जागा शोधून द्या. :)

राउटर दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ गीगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण वेग कमी, आणि सोसायटीत सगळ्यांचे त्याच पट्टीवर असल्यामुळे गर्दी. ५ गीगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की मार खातो. उद्या दोन चाचण्या करा. एक, लॅपटॉप राउटरला वायरने जोडून वेग मोजा. दोन, मुलाच्या खोलीत वाय-फायवर मोजा. पहिला आकडा ४५ च्या पुढे आणि दुसरा १० च्या आत आला, तर नवी कंपनी आणूनही त्या खोलीत क्लास अडकतच राहील.

जुनावाडा | शनिवार, रात्री ११:२५

मी घेतलं होतं असं पॅकेज. सविस्तर लिहितो, कारण सही करण्याआधी हे मला कोणी सांगायला हवं होतं. कंपनीचं नाव घेत नाही.

आम्ही पंचवटीतल्या वाड्यात होतो. नेट, लँडलाईन, माझा आणि बायकोचा मोबाईल, सगळं एका बिलावर. दीड वर्ष काही तक्रार नव्हती. मग वाडा सोडून म्हसरूळला फ्लॅटमध्ये गेलो. नेट नव्या पत्त्यावर हलवायचा अर्ज केला. दोन दिवसांत होईल म्हणाले, १९ दिवस लागले. बिल आलं पूर्ण महिन्याचं, वर स्थलांतराचे पैसे वेगळे. मी म्हणालो, १९ दिवस नेट नव्हतं, त्याचे पैसे वजा करा, मग भरतो. तक्रार क्रमांक मिळाला. रोज वेगळा माणूस फोन उचलायचा आणि मला गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागायची.

देय तारीख उलटली आणि आधी दोन्ही मोबाईलचे जाणारे फोन बंद झाले. भांडण नेटच्या वायरीचं, पण बिल एक, त्यामुळे फोनही गेले. त्याच आठवड्यात माझा भाऊ दवाखान्यात होता. बायकोला रस्त्यावर उभं राहून अनोळखी माणसाचा फोन मागून मला कळवावं लागलं. तो दिवस मी विसरू शकत नाही.

म्हटलं नंबर पोर्ट करून बाहेर पडू. १९०० वर पोर्टचा एसएमएस केला, कोडच येईना. थकबाकी असेल तर पोर्टिंगचा कोड मिळतच नाही, हा नियम आहे. शेवटी वादातली रक्कम भरली, फोन चालू करून घेतले, आणि मग कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे लेखी अपील केलं. तिथून १९ दिवसांचे पैसे पुढच्या बिलात परत आले. म्हणजे माझं म्हणणं बरोबर होतं. पण ते सिद्ध होईपर्यंत घरातले दोन्ही फोन त्यांच्या हातात होते.

आता नेट एकीकडे, माझा मोबाईल दुसरीकडे, बायकोचा तिसरीकडे. तीन बिलं भरतो.

द्राक्षवेल | शनिवार, रात्री ११:४०

जुनावाडा, वाचून वाईट वाटलं. भाऊ आता बरे आहेत ना?

जुनावाडा | शनिवार, रात्री ११:४३

ठणठणीत आहे. काल मिसळ खाऊन आला.

मेनरोड | रविवार, सकाळी ८:१०

कुठली मिसळ?

तपोवन | रविवार, सकाळी ८:१६

मेनरोड, तो धागा वेगळा काढा, नाहीतर इथे पाचशे प्रतिसाद होतील आणि ताईंचं नेट राहील बाजूला.

जुनावाडांच्या मुद्द्याला जोडून. आपला मोबाईल नंबर आता नुसता बोलायचा राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी त्यावर, आधार त्यावर, गॅसची नोंदणी त्यावर. म्हणून मी म्हणेन, एकत्र करायचंच असेल तर नेट, लँडलाईन आणि टीव्ही एकत्र करा, मोबाईल बाहेर ठेवा. निदान घरातला एक तरी.

आणखी एक बारकावा. पोर्ट करून गेलात की ९० दिवस त्या कंपनीतून पुन्हा पोर्ट करता येत नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं की घरात सिग्नल येत नाही, तरी तीन महिने तिथेच.

वायरमन | रविवार, सकाळी ९:०२

मी फायबर जोडायचं काम करतो, सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर या भागात. कुठल्या कंपनीसाठी ते सांगत नाही. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुमच्या घरात येणारी वायर सगळ्यांची सारखीच. काचेचा एक बारीक धागा, खांबावरच्या डब्यात स्प्लिटरमधून निघतो. एका डब्यातून आठ-सोळा घरं. डबा भरला असेल तर नवीन कनेक्शनला दिवस लागतात. जुनावाडा साहेबांचं तसंच झालं असेल.

कंपनी कोणती यापेक्षा तुमच्या गल्लीत कोणाची वायर कशी आलीय ते बघा. आत्ता सिंहस्थाच्या कामांनी ठिकठिकाणी रस्ते खोदलेत. जेसीबीचा दात लागला की एका झटक्यात अख्ख्या कॉलनीच्या डब्यांवर लाल दिवे, म्हणजे नेट बंद. मग प्रश्न एवढाच असतो की जोडायला माणूस किती तासांत येतो. केबलवाल्याचा पोरगा गल्लीतलाच असतो, रात्री अकरालाही शिडी घेऊन येतो. मोठ्या कंपनीत तक्रार नोंदवायची, ती ठेकेदाराकडे जाते, तो आमच्यासारख्याला पाठवतो. पण मोठ्या कंपनीचं मागून येणारं नेट पक्कं असतं, संध्याकाळी बसत नाही. दोन्हीकडे थोडं थोडं सोसावं लागतं.

जोडणी करायला माणूस आला की त्याला मीटर लावून पॉवर दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) असेल तर छान. उणे २७ च्या जवळ असेल तर पहिल्या पावसात कटकट होणार, तेव्हाच दुसरा जोड मारून घ्या. नंतर कोणी येत नाही.

चिवडाशेव | रविवार, सकाळी ९:२०

वायरमन भाऊ, असं लिहीत जा. वाचनखूण साठवली.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ११:०५

चाचण्या केल्या. वायरने ४८. मुलाच्या खोलीत दार लावून ६. मग राउटर युनिटमधून काढून पॅसेजमध्ये उंच फळीवर ठेवला, वायर पुरली. आता तिथे ३१ येतात! एक रुपया खर्च न होता. मांजर रुसलंय.

पण नवीन अडचण निघाली. सासऱ्यांना वाटत होतं की लँडलाईनचा नंबर तोच राहील. कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणाला नवीन नंबर मिळेल. सासरे म्हणाले, "मग मला नको." आमचा नंबर १९९४ पासूनचा आहे. गावाकडचे सगळे त्याच नंबरावर फोन करतात.

अशोकस्तंभ | रविवार, दुपारी १२:३०

त्या माणसाने खरं सांगितलं. पोर्टिंगची सोय मोबाईल नंबरांना आहे, लँडलाईनला नाही. कंपनी बदलली की नंबर बदलला. ०२५३ तेवढा तोच राहणार.

मी निवृत्त आहे, वय ६८. सासऱ्यांचं मला समजतं. आमच्या गल्लीत पहिला फोन आमच्याकडे आला, नंबर लावल्यावर किती वर्षांनी! सगळ्या गल्लीचे निरोप आमच्या घरी यायचे. बाहेरगावी बोलायचं तर रात्री अकरा वाजेपर्यंत थांबायचं, तेव्हा दर उतरायचे. एसटीडी बूथवर थंडीत रांग असायची आणि प्रत्येकाचे डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर.

शिवाय त्या जुन्या फोनचा एक गुण नव्यात नाही. लाईट गेली तरी तो चालतो. तांब्याच्या तारेतून ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधूनच यायची, तिथे मोठ्या बॅटऱ्या. फायबरवरची लँडलाईन कंपनीने घरात बसवलेल्या डब्यावर चालते, आणि डबा घरच्या विजेवर. लाईट गेली की नेटही गेलं आणि फोनही.

वायरमन | रविवार, दुपारी १२:५५

काकांचं बरोबर आहे. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, त्यांना छोटा यूपीएस मिळतो, डबा आणि राउटर दोन्ही काही तास निघतात. मेंटेनन्सच्या शटडाऊनला पुरतो. घेताना अॅडॅप्टरवर किती अॅम्पियर लिहिलंय ते बघून घ्या.

द्राक्षवेल | रविवार, दुपारी १:१५

आईला नवीन लँडलाईन मिळाल्यावर पहिला महिना तिचे मोबाईलवर फोनच लागेनात. जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावा लागतो, ते तिला माहीत नव्हतं. आता फोनशेजारी मोठ्या अक्षरात '०' लिहून चिकटवलाय.

मेनरोड | रविवार, दुपारी २:४०

पण मुळात लँडलाईन हवीच कशाला? सासऱ्यांना साधा मोबाईल द्या.

अशोकस्तंभ | रविवार, दुपारी ३:१०

मेनरोड, हवी का हे वापरणाऱ्याने ठरवायचं. आमच्या हिच्या हाताला कंप आहे. मोबाईलवर बोट भलतीकडे पडतं. लँडलाईनचा रिसीव्हर उचलला की झालं.

मेनरोड | रविवार, दुपारी ३:२२

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं काका. शब्द मागे घेतो.

तपोवन | रविवार, दुपारी ४:००

ज्येष्ठांच्या मोबाईलवरून आठवलं. ताई, सासूबाईंचा फोन कोणत्या रिचार्जवर आहे? नुसतं बोलण्यासाठी असेल तर डेटाचे पैसे भरू नका. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं पॅक ठेवणं बंधनकारक केलं, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

गोदाकाठ | रविवार, दुपारी ४:१८

त्यांच्या फोनवर रोज दीड जीबी येतो आणि त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे! उद्याच बदलते.

चिवडाशेव | रविवार, सायंकाळी ५:०५

पत्रकात 'अमर्याद' लिहिलं असेल तर त्याची मर्यादाही शोधा. पुष्कळ फायबर योजनांत महिन्याला ३३०० जीबी असते, त्यानंतर वेग पार खाली. घाबरू नका, एचडी व्हिडिओला तासाला ३ जीबी धरले तर ११०० तास होतात. महिन्यात तास असतात ७२०. मात्र स्वस्तातल्या योजनांत ही मर्यादा कधी कधी बरीच कमी असते, तिथे बघायला हवं.

आणि घरी सीसीटीव्ही असेल, बाहेरून थेट बघायचा असेल, तर केबलवाल्याला विचारा की स्वतंत्र आयपी, म्हणजे नेटवरचा घराचा वेगळा पत्ता, देतो का. लहान पुरवठादार एकाच पत्त्यामागे अनेक घरं ठेवतात, मग काही कॅमेरे बाहेरून उघडत नाहीत.

जुनावाडा | रविवार, सायंकाळी ६:३०

काल रागात लिहिलं, एक उपयोगाची गोष्ट राहिली. कोणाचं असं अडकलं तर क्रम असा: आधी कंपनीत तक्रार आणि तिचा क्रमांक, मग अपील अधिकारी. अपिलाला फी नाही, ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंदवता येतं. आणि 'फोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की चालतात.

प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ वहीत लिहा. माझं अपील त्या वहीवरच उभं राहिलं.

सातपूरकर | रविवार, रात्री ८:१५

सगळं वाचलं. कोणी ओटीटीबद्दल बोललं नाही. आमच्या पॅकेजमध्ये पाच ॲप होती, बघत होतो एक. ते एक वेगळं घेतलं असतं तर निम्म्यात पडलं असतं. उलट साडूकडे चार बघतात, त्याला फायदाच झाला. तुम्ही आत्ता ज्यासाठी पैसे भरता त्याच्याशीच तुलना करा. फुकट मिळालेलं पण न बघितलेलं धरू नका.

वायरमन | रविवार, रात्री ८:४०

आणि केबलवाल्याला वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका, कितीही सूट देऊ दे. महिन्याचं ठेवा. माणूस टिकतो, कधी कधी त्याचं कनेक्शन टिकत नाही.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:३०

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. कंपनीच्या माणसाला नाही सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यातही चालेल.

आम्ही असं ठरवलंय. केबलवाल्याचं फायबर आहे तेच, कारण राउटर हलवल्यापासून मुलाचा क्लास एकदाही अडकला नाही. समोरच्या इमारतीत त्या मोठ्या कंपनीचं नेट आहे, तिथे विचारून आले, गेल्या महिन्यात रस्ता खोदला तेव्हा आमच्या केबलवाल्याने चार तासांत जोडलं होतं, त्यांच्याकडे तीन दिवस गेले. मोबाईल दोघांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, तसेच राहतील. सासूबाईंचं फक्त बोलण्याचं पॅक आज करून आणलं. लाईट गेल्यावर मीटिंग तुटू नये म्हणून छोटा यूपीएस घेणार आहे, वायरमन भाऊ, अॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, दीड अॅम्पियर लिहिलंय.

सासऱ्यांची लँडलाईन राहतेय. पण त्यांनी आज स्वतःच वही काढली आणि कोणाकोणाला माझा मोबाईल नंबर द्यायचा त्याची यादी करायला बसले. म्हणाले, तार कधी ना कधी जाणारच, तयारी असू दे. ४३ नावं झालीत, अजून निफाडची माणसं राहिलीत.

वायरमन | सोमवार, रात्री ९:५२

दोन अॅम्पियरचा घ्या. दीडचा कमी पडतो, गरम होतो.

अशोकस्तंभ | सोमवार, रात्री १०:१०

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. आणि नंबर देताना प्रत्येकाकडून परत फोन करून घ्यायला सांगा, लिहून घेताना एखादा आकडा हमखास चुकतो.